सात सामन्यांचा हंगाम

फुटबॉलच्या क्लबाला पाय असतात की चाकं, असा प्रश्न मला अलीकडे पडू लागला आहे. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात पुण्याचा एक संघ होता, एफसी पुणे सिटी. २०१९ मध्ये तो गुंडाळला गेला आणि त्याच्या जागेवर हैदराबाद एफसी आला. २०२५ च्या ऑक्टोबरात हैदराबादचाही मुक्काम हलला आणि त्याच जागेवर दिल्लीत स्पोर्टिंग क्लब दिल्ली अशी पाटी लागली. अकरा वर्षांत तीन शहरं! मी वीस वर्षं सरकारी नोकरीत आहे, पण माझ्यासुद्धा इतक्या लांबच्या बदल्या झाल्या नाहीत. आणि माझी बदली होते तेव्हा निदान ऑर्डर हातात मिळते, सामान हलवायला चार दिवस मिळतात. क्लब गेला की मागे राहिलेल्या पोरांना काय मिळतं, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, फोंड्याच्या माणसाला हैदराबादच्या क्लबाचं एवढं काय पडलंय? त्यातून आम्हा अंत्रुजकरांची ख्याती नाटकाची. फुटबॉल सासष्टीचा, आपलं संगीत नाटक बरं, असं आमच्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेलं. (ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कप्तान झाला तेव्हा मात्र तो सगळ्यांचाच झाला, ही गोष्ट वेगळी.) पण मंडळी, हैदराबाद एफसीच्या आयुष्यातला सर्वात मोठा दिवस आमच्या फातोर्ड्यात उजाडला आणि तो उजाडवला दोघा गोंयकारांनी. २० मार्च २०२२. करोनामुळे लागोपाठ दोन हंगाम अख्खी लीग गोव्यातच खेळवली गेली होती. अंतिम सामन्याला प्रेक्षकांना दारं उघडली आणि मैदान केरळ ब्लास्टर्सच्या पिवळ्या रंगाने भरून गेलं. राहुल के. पी.च्या गोलने केरळ पुढे गेलं. सामना संपायला दोनच मिनिटं उरली असताना बदली म्हणून आलेल्या साहिल तावोराने लांबून चेंडू ठोकला आणि बरोबरी झाली. मग पेनल्टी. गोलात लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने तीन अडवल्या आणि हैदराबाद ३-१ ने जिंकलं. साहिल गोव्याचा, कट्टीमणीही गोव्याचा. माझ्या कार्यालयात दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी करंडक हैदराबादला गेला की गोव्यातच राहिला यावर वाद चालला होता.

दुसरं कारण घरचं. माझी थोरली बहीण हैदराबादला दिली आहे, दिलसुखनगरात. भावोजी मूळचे नांदेडकडचे. नांदेड-परभणीच्या माणसाला हैदराबाद परकं वाटत नाही, कारण १९५६ पर्यंत ते त्याच राज्यात होते, आणि आजही तिकडच्या कित्येक घरांचा एक पाय हैदराबादेत असतो. भावोजींच्या मराठीत मधूनच 'नक्को' आणि 'कायकू' डोकावतं ते यामुळेच. त्यांना एकच मुलगा. माझा हा भाचा २०२२ च्या मार्चमध्ये चौदा वर्षांचा होता. त्या रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. ओरडून ओरडून आवाज बसलेला. "मामा, तुमच्या माणसांनी आम्हाला जिंकवलं!" त्याच आठवड्यात त्याने जाहीर केलं की तो हैदराबाद एफसीच्या युवा संघात जाणार.

आणि योगायोग पाहा, त्यानंतर महिनाभरातच एप्रिलमध्ये रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग नावाची नवी युवा लीग सुरू झाली. तीही गोव्यात, बाणावली आणि नागोवा इथल्या मैदानांवर. मुख्यतः एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी. आठ संघ होते: बेंगळुरू, केरळ ब्लास्टर्स, हैदराबाद, गोवा, चेन्नईयन, जमशेदपूर, मुंबई सिटी, आणि रिलायन्स फाउंडेशनच्या स्वतःच्या अकादमीचा आठवा. करोनाची दोन वर्षं या वयाच्या मुलांना सामनाच मिळाला नव्हता. अठराव्या आणि विसाव्या वर्षामधली दोन वर्षं गेली म्हणजे फुटबॉलपटूचं काय गेलं हे सांगायला नको. त्यामुळे ही लीग व्हायलाच हवी होती, आणि झाली हे चांगलंच झालं. बेंगळुरू पहिलं आलं, केरळ दुसरं. बक्षीस म्हणून ही पोरं त्याच वर्षी इंग्लंडला गेली, तिथल्या प्रीमियर लीगच्या क्लबांच्या युवा संघांशी खेळली. मलप्पुरमच्या किंवा मणिपूरच्या एखाद्या मुलाच्या घरात या बातमीने काय झालं असेल, याची कल्पना करावी.

हैदराबादच्या त्या पोरांचे प्रशिक्षक होते केरळचे शमील चेंबकत. (पुढे २०२४ च्या डिसेंबरात मोठ्या संघाची गाडी घसरली तेव्हा ती तात्पुरती हाती घ्यायला हेच गृहस्थ पुढे आले.) भाचा रोज संध्याकाळी मला निकाल कळवायचा, जणू काही गोव्यातल्या बातम्या मला दिलसुखनगरातूनच कळणार! आणि मग मेच्या मध्यावर त्याचे फोन बंद झाले. मी विचारलं, काय रे, तुमचा पुढचा सामना कधी? तो म्हणाला, "संपलं मामा. सात होते."

सात. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकेकदा खेळायचं, की झाला राष्ट्रीय युवा लीगचा हंगाम. पहिलंच वर्ष, करोनाचा काळ, सबबी होत्या आणि त्या खऱ्याही होत्या. पुढच्या वर्षीपासून ही लीग मोठी झाली, हेही सांगितलं पाहिजे. २०२२-२३ मध्ये पन्नासहून जास्त संघ उतरले, विभागवार फेऱ्या झाल्या, अंतिम फेरी नवी मुंबईत. बेंगळुरूने पुन्हा जिंकली. मग २०२४ मध्ये पंजाब एफसीने ईस्ट बंगालला हरवून, आणि २०२५ मध्ये मोहन बागानने. आकडा वाढतोय. तरीही तो 'सात' माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याला कारण आहे दिलसुखनगर.

ज्यांनी दिलसुखनगर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिलसुख राम प्रसाद नावाच्या एका जहागीरदाराच्या जमिनीवर वसलेली ही वस्ती. एके काळची शेतं. आज तिथे विकतात ती स्वप्नं, आणि तीही हप्त्याने! मेट्रोतून दिलसुखनगर स्थानकावर उतरलं की पुलाच्या खांबांपासून इमारतींच्या पाचव्या मजल्यापर्यंत फक्त पाट्या. इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचे वर्ग (तिचं नाव आता ईएपीसेट झालं, लोक अजून एमसेटच म्हणतात), नीट, बँक, रेल्वे, कर्मचारी निवड आयोग, ग्रुप वन, ग्रुप टू, सॉफ्टवेअरचे सहा महिन्यांचे कोर्स. आणि या सगळ्यांना राहायला हॉस्टेलं. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी, एका खोलीत चार-चार खाटा. खम्मम, नलगोंडा, महबूबनगर, श्रीकाकुलम, कुठून कुठून आलेली पोरं. पहाटे पाचला दिवे लागतात आणि रात्री बाराला मालवतात. साईबाबाच्या देवळात गुरुवारी जी रांग लागते तिच्यात निम्मे हॉलतिकिटवाले असावेत असा माझा संशय आहे.

२०२५ च्या दिवाळीत मी ताईकडे गेलो होतो. क्लब दिल्लीला गेल्याची बातमी ताजी होती. भाचा आता सतरा वर्षांचा, इंटरच्या दुसऱ्या वर्षाला. मधल्या तीन वर्षांत काय काय झालं ते त्याने मला गच्चीत बसून सांगितलं. एका खासगी अकादमीत तो जायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मेट्रोने अमीरपेठ, तिथे गाडी बदलून रायदुर्ग, पुढे बस. क्लबाचं मैदान त्याच्याही पलीकडे, गच्चीबावलीला. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास. अकादमीची फी वर्षाची, मुलांचे सामने मात्र महिन्यातून एखादा, तोही आपसांतला. चाचणी होणार, चाचणी होणार म्हणून दोनदा सांगितलं, झाली एकदाच, आणि त्या दिवशी दोनशेच्या वर पोरं आली होती. प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं. दरम्यान मोठ्या क्लबात काय चाललं होतं ते वर्तमानपत्रात येतच होतं. पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, फिफाने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली, २०२३-२४ च्या हंगामात संघ तळाला. दोन वर्षांपूर्वीचे अजिंक्यपदवाले!

मग तो जे म्हणाला ते मी जसंच्या तसं देतो. "मामा, आमच्या कॉलेजात दर रविवारी टेस्ट असते. वर्षाला पन्नास. मी कितवा आलो ते सोमवारी कळतं, कुठे चुकलो ते मंगळवारी. फुटबॉलमध्ये मी चांगला आहे की वाईट, हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलंच नाही."

माझ्या मते युवा फुटबॉलवरची याहून नेमकी टीका कुठल्या क्रीडापानावर आलेली नाही. मला कोचिंगच्या कारखान्यांबद्दल प्रेम नाही. सतरा वर्षांच्या पोराला अठरा तास खुर्चीत बसवणारी ती व्यवस्था निर्दय आहे, आणि तिचे बळी दर निकालाच्या आठवड्यात तिकडच्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळतात. पण तिला एक गोष्ट कळलेली आहे. सरावाला मोजमाप लागतं आणि मोजमाप वारंवार लागतं. फुटबॉलमध्ये ते मोजमाप म्हणजे सामना. दुसरं काही नाही. शंकू मांडून त्यांच्यामधून कितीही वेळा चेंडू नेला तरी शंकू काही तुमच्या पायातून चेंडू काढून घेत नाही.

भावोजींचं म्हणणं वेगळं. ते जेवताना मला म्हणाले, "काय हो, तुमची नोकरी तुम्हाला फुटबॉलनं दिली का? बी. ए. केलंत, परीक्षा दिलीत, तवा लागली ना?" यावर मी काय बोलणार! ताईने वरण वाढलं आणि विषय बदलला.

पण गंमत अशी की भावोजींच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर आहे. दिलसुखनगरहून मलकपेठ ओलांडून मूसी नदीकडे गेलं की चादरघाट लागतं. तिथल्या हायस्कुलात एके काळी सय्यद अब्दुल रहीम नावाचे मास्तर होते. उस्मानिया विद्यापीठाचे बी. ए. (आमच्याच जातीचे म्हणायचे, कलाशाखेचे!) काचीगुड्याची शाळा, चादरघाटची शाळा असं करत मुलांना शिकवणारा हा माणूस १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचा सचिव झाला आणि पुढे देशाचा प्रशिक्षक. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. 'मैदान' हा अजय देवगणचा सिनेमा २०२४ मध्ये आला तेव्हा रहीमसाहेब कोण हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. सिनेमात देशाच्या संघाची गोष्ट आहे, ती ठीकच. माझं कुतूहल आहे ते त्याआधीच्या मास्तरकीबद्दल.

रहीमसाहेबांनी हैदराबादच्या पोरांसाठी ज्या स्पर्धा घेतल्या त्या वाचून मला हसूही आलं आणि हेवाही वाटला. एक स्पर्धा अशी की चेंडू घेऊन पळायचं नाही, आला की द्यायचा. दुसरी अशी की फक्त कमजोर पायाने मारायचा. उजव्याने खेळणाऱ्याने डाव्याने, डाव्याने खेळणाऱ्याने उजव्याने. ना प्रायोजक, ना टीव्ही. लागतं काय, तर मैदान, चेंडू आणि एक हट्टी मास्तर. मुलगा जे करू शकत नाही तेच त्याला सामन्यात करायला लावायचं, आणि पुन्हा पुन्हा लावायचं. माझ्या भाच्याला तीन वर्षांत जे कुणी सांगितलं नाही, ते या स्पर्धांतल्या मुलाला एका संध्याकाळी कळत असणार.

आणि त्यापुढची पायरी होती नोकरी. रहीमसाहेब १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. हा संघ पोलिसांचा, खेळाडू पोलिसांत नोकरीला. १९५० मध्ये ड्युरँड करंडक जिंकला आणि १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स करंडक. कलकत्त्याचे बलाढ्य क्लब ज्यांच्याकडून हरत होते ते महिनाअखेरीला खात्याचा पगार घेणारे लोक होते! आज त्याच रस्त्यावर, दिलसुखनगरात, पोलीस कॉन्स्टेबलच्या भरतीचे कोचिंग क्लास आहेत. धावायचं किती, लांब उडी किती, पेपर कसा सोडवायचा, सगळं फी भरून शिकवतात. तेव्हा चेंडू चांगला खेळला म्हणून पोलीस करत, आता पोलीस व्हायचं म्हणून पोरं खेळ सोडतात. भावोजींना मी हे फोनवर ऐकवलं. ते "हां, बरोबर आहे" एवढंच म्हणाले, पण त्यांच्या आवाजात थोडा फरक पडला होता असं मला वाटलं.

आपण गोंयकारांनी तर रहीमसाहेबांचं ऋण विसरूच नये. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत ४-२ ने जिंकला, त्यातले तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा खेळाडू, मूळ गोव्याचं. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. १९६२ च्या जाकार्ता सुवर्ण संघातला फोर्तुनातो फ्रँको आपल्या कोलवाळचा. २०२१ च्या मेमध्ये तो गेला. आणि हे देणं-घेणं पुढेही चालूच राहिलं. १९७४ मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेत भारत आणि इराण संयुक्त विजेते ठरले. युवा फुटबॉलमध्ये भारताने मिळवलेलं ते सर्वात मोठं यश, आणि त्या संघाचा कप्तान होता हैदराबादचा शब्बीर अली. हाच शब्बीर अली पुढे साळगावकरचा प्रशिक्षक म्हणून गोव्यात आला आणि १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग त्याने वास्कोला आणून दिली. गोव्यातल्या क्लबाने जिंकलेली ती पहिली राष्ट्रीय लीग. म्हणजे फातोर्ड्यात साहिल आणि कट्टीमणीने हैदराबादला जे दिलं ती एका अर्थी परतफेड होती. (हा हिशोब माझा, चहाच्या टेबलावरचा.)

जुन्या काळाच्या नावाने उसासे टाकायचा माझा विचार नाही, कारण त्या शिडीच्या पायऱ्याही किडल्याच. ११ जून १९६३ ला रहीमसाहेब कर्करोगाने गेले आणि हैदराबादचं फुटबॉल उतरणीला लागलं. एका माणसावर उभं होतं ते. पुढे आंध्रने १९६५-६६ मध्ये संतोष करंडक जिंकला, अधूनमधून चांगले खेळाडू निघाले, पण ती धार गेली. खात्यांच्या संघांत भरती आटली. आपल्याकडेही वेगळं काय झालं? धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली तेव्हा त्यांचं भांडण महासंघाच्या धोरणाशी होतं, आणि मला ते रास्तही वाटलं होतं. पण त्या दिवशी सोळा-सतरा वर्षांच्या ज्या पोरांनी धेंपोचा निळा शर्ट डोळ्यांसमोर ठेवला होता त्यांना कुणी विचारलं नव्हतं. धेंपो पुढे परत आला. पण मधली वर्षं ज्यांच्या सतराव्या वर्षात पडली त्यांची गेलीच.

तरीही गोव्याच्या आणि दिलसुखनगरच्या मुलात एक मोठा फरक आहे आणि तो बघितल्याशिवाय हा विषय कळायचा नाही. गोव्यातल्या मुलाच्या पायाखाली गाव आहे. गावचं मैदान, गावचा क्लब, फेस्ताच्या वेळची स्पर्धा, पावसानंतर वाळत आलेल्या शेतातलं फुटबॉल, शाळांचे सामने, आणि गोवा फुटबॉल असोसिएशनच्या वयोगटांच्या स्पर्धा. वरचा क्लब कोसळला तर तो एक मजला खाली पडतो, रस्त्यावर येत नाही. बाणावलीच्या मैदानावर राष्ट्रीय युवा लीग आली काय नि गेली काय, तिथे त्याच संध्याकाळी कुणीतरी खेळतच असतं. दिलसुखनगरच्या मुलाला ते नाही. त्याच्यासाठी वर एक मजला होता, तोही काढून दिल्लीला नेला. श्रीनिदी डेक्कन आहे म्हणाल, तर आहे. आय-लीगमध्ये २०२२-२३ आणि २०२३-२४ अशी लागोपाठ दोन वर्षं ते दुसरे आले. पण त्यांचं मैदान मोईनाबादकडे, शहराच्या पश्चिमेला पार बाहेर. दिलसुखनगर पूर्वेला. इंटरच्या मुलाने तिकडे रोज जायचं कसं?

म्हणून राष्ट्रीय युवा लीगबद्दल माझं मत असं आहे की ती उलट्या टोकाकडून बांधली गेली. आधी राष्ट्रीय, मग विभागीय, मग जमलं तर शहरातली. तीही क्लबांच्या मालकीची. मालकाचा परवाना हलला की युवा संघही हलतो, कारण युवा संघ हा परवान्याच्या अटींतला एक कागद आहे. मी स्वतः कागदांत जगणारा माणूस, मला कागदाची ताकद माहीत आहे, म्हणून मी म्हणतो की मग कागदातच लिहा. क्लब शहर सोडून जाणार असेल तर त्याचे अठरा वर्षांखालचे संघ दोन हंगाम त्याच शहरात राहतील आणि त्यांचा खर्च जाणारा मालक देईल. तेवढी रक्कम परवाना देतानाच अनामत म्हणून घ्या. सरकार रस्ता खोदायला देतानासुद्धा ठेकेदाराकडून अनामत घेतं! आणि राष्ट्रीय फेरीच्या आधी त्या-त्या शहरात निदान सहा महिने स्थानिक लीग झालीच पाहिजे, प्रत्येक मुलाला वीस-पंचवीस सामने मिळालेच पाहिजेत. ते नसेल तर त्या शहराचा संघ राष्ट्रीय फेरीत घेऊ नये. कडक वाटेल, पण कॉलेजात हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, त्याहून हे कडक नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी आस्थापना शाखेत बसणाऱ्यालाच सुचेल. केंद्र सरकारचं कार्मिक खातं खेळाडूंच्या भरतीसाठी जे निकष लावत आलं आहे त्यात ढोबळ मानाने असे उमेदवार बसतात: राज्याकडून किंवा देशाकडून खेळलेला, विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलेला, राज्याच्या शालेय संघातून राष्ट्रीय शालेय स्पर्धेत खेळलेला. म्हणजे संतोष करंडकात किंवा बी. सी. रॉय करंडकात राज्याकडून खेळलेल्या मुलाला रकाना आहे. आता समजा एक मुलगा तीन वर्षं एखाद्या क्लबाच्या युवा संघाकडून राष्ट्रीय युवा लीग खेळला, चाळीस सामने खेळला. त्याने स्वतःला यातल्या कोणत्या ओळीत बसवायचं? राज्य नाही, विद्यापीठ नाही, शाळा नाही. एकविसाव्या वर्षी त्याला मोठ्या क्लबाने करार दिला नाही, आणि बहुतेकांना देत नाहीतच, तर त्याच्या हातात दाखवायला काय? रहीमसाहेबांच्या पोराच्या हातात नेमणुकीचा कागद तरी होता. लीगचे आयोजक, महासंघ आणि क्रीडा मंत्रालय यांनी एकत्र बसून हा एक रकाना वाढवला तर एक पैचा खर्च नाही. आणि दिलसुखनगरातल्या कित्येक भावोजींचा विरोध निम्म्यावर येईल, हे मी खात्रीने सांगतो, कारण त्यांचा राग फुटबॉलवर नाहीच.

२०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगचा स्वतःचाच हंगाम नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकला नाही. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार संपत आला आणि नव्याचा पत्ता नाही, अशी परिस्थिती. वरच्या मजल्यावर अशी पळापळ चालली की खालच्या मजल्याचे दिवे आधी बंद होतात. त्या दिवसांत मोठ्या खेळाडूंच्या पगाराबद्दल बरंच लिहिलं गेलं, लिहायलाच हवं होतं. युवा संघांबद्दल मला चार ओळी शोधाव्या लागल्या.

भाच्याची परीक्षा आहे, म्हणून त्याने अकादमी सोडली. फुटबॉल सोडलं का, असं मी विचारलं नाही. दिवाळीहून परतताना रहीमसाहेबांच्या स्पर्धांची गोष्ट मात्र त्याला सांगून आलो होतो. डिसेंबरात त्याचा फोन आला. त्यांच्या गल्लीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, बांधकाम रखडलेला. शेजारच्या हॉस्टेलातली कॉन्स्टेबल भरतीची तयारी करणारी पोरं तिथे पहाटे धावायला येतात. त्यांना गाठून याने रविवारच्या टेस्टनंतर पाच-पाच जणांचे चार संघ केले. दहा मिनिटांचा एक सामना, आणि सगळ्यांनी फक्त कमजोर पायाने मारायचं. पहिल्या रविवारी एकूण सहा सामने झाले आणि गोल झाला एकच, तोही स्वतःच्याच संघावर. दुसऱ्या रविवारी चार झाले. कोण कितव्या क्रमांकावर आहे ते तो वहीत लिहून ठेवतो आणि सोमवारी हॉस्टेलच्या जिन्यात चिकटवतो. नलगोंड्याचा एक मुलगा सध्या पहिला आहे, डावखुरा, उजव्याने मारतो.